मागच्या सीटखालचा वास

गॅरेजच्या बाकावर शिंपीणबाई स्वतःच्या स्कूटरची वाट बघत बसल्या होत्या. समोर एका जुन्या गाडीचं दार उघडून मेकॅनिक म्हाताऱ्या नवराबायकोला विचारत होता.

“काका, पेट्रोलचा वास नेहमीच येतो, की टाकी भरल्यावर?”

“येतो असा… मधूनमधून.”

“टाकी भरली की येतो हो. मागे जास्त. नात नाक दाबून बसते आणि हे म्हणतात, काही नाही.”

“पोरांची नाटकं असतात.”

“नाटकं नाहीत, काका. सीटखाली हे पंपाचं झाकण बघा. त्याचं रबर चिरलंय, सगळं ओलं झालंय. ठिणगी पडली असती म्हणजे? वाका जरा. येतोय वास?”

“येतोय की! चांगलाच येतोय.”

“आणि या फडक्याला?”

“त्यालाही. पेट्रोलच ते.”

“काका, हे नुसतं पाण्याने भिजलेलं फडकं आहे.”

शिंपीणबाईंनी नजर आपल्या पिशवीकडे वळवली.

“अहो, कधीपासून वास येत नाही तुम्हाला?”

“त्या मोठ्या तापातून उठलो ना, तेव्हापासून.”

“दोन वर्षं! आणि तोंडातून चकार शब्द नाही?”

“सांगितलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी गाडी काढून घेतली असती.”

“मग रोज ओट्यापाशी येऊन म्हणता ते? काय घमघमाट सुटलाय म्हणून?”

“सुटलेला असतोच ना.”



“काकू, रबर नवं टाकतो. मग एक चक्कर मारून या आणि वास राहिलाय का, ते तुम्हीच सांगा.”

“सांगते. आता यांनाही मीच सांगत जाईन.”