तंबूतलं माझं इंग्रजी

तुम्हाला हसायचं तर हसा, पण रेवदंड्याला तंबूत इंग्रजी सिनेमा आला तेव्हा मी क्षणभरही स्वस्थ बसले नाही. बाबांनी शेजारच्या जनाकाकूला आधीच सांगून ठेवलं होतं, "आमची शालू इंग्रजीत पहिली असते. ती सगळं समजावून देईल."

पडद्यावर उंच नायक आणि त्याची नायिका समुद्राकाठी पुरलेली सोन्याची पेटी शोधत वाळू खणत होते. दोघं इतकं भराभर बोलत होते की मला एक शब्द कळेना.

"काय म्हणतोय गो तो?" जनाकाकूने विचारलं. ती जन्मभर मासळी विकणारी, दबक्या आवाजात बोलणं तिला ठाऊकच नाही. बाबाही कान देऊन बसले.

"म्हणतोय, भरती येतेय, लवकर खण," मी ठोकून दिलं.

नेमकं तेव्हाच नायकाने फावडं टाकलं, नायिकेला जवळ घेतलं आणि दोघं निवांत वाळूत बसले. बाबा माझ्याकडे वळले. मी मान खाली घातली.

"पोरीने बरोबर सांगितलं, भाऊ," जनाकाकू म्हणाली. "वाळू बघा ना, ओली हाय. मेला इंग्रजी फाडफाड बोलतो, पण त्याला भरती कळत न्हाय."