डावीकडचं अंडाशय

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज या रुग्णालयातून निवृत्त होत असलेल्या आपल्या डॉक्टरबाई, सिस्टर मंडळी आणि जागा न मिळाल्याने भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बंधू-भगिनींनो,

मी शिंपी. इथले पडदे आणि ऑपरेशनचे हिरवे झगे मी शिवतो. एवढ्या शिकलेल्या मंडळींत माझ्या हाती माइक कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "माझं कौतुक नको. गाठीबद्दल बोला, ते लोकांच्या उपयोगाचं आहे." तेव्हा कौतुकाचं काम अध्यक्षांवर सोपवतो.

माझी मुलगी माझ्याच दुकानात शिवायला बसते. ही गोष्ट घडली तेव्हा विशीची होती. आज बोलायची परवानगी तिनेच दिली. म्हणाली, "सांगा बाबा, फक्त लांबण लावू नका."

तिच्या ओटीपोटात डावीकडे अधूनमधून दुखायचं. पोट जड वाटायचं, सारखं लघवीला जावं लागायचं. पाळीचं असेल म्हणून आम्ही गरम पाण्याच्या पिशवीवर भागवत होतो. शेवटी तिची आई तिला इथे घेऊन आली. सोबत मी आणि बायकोची थोरली बहीण, जिला सगळं घर अक्का म्हणतं.

बाईंनी पोट दाबून पाहिलं आणि नजर तिच्या कुर्त्यावर ठेवली. "कडेला ही बारीक भोकं कसली?"

"वजन वाढलं, म्हणून शिवण उसवून सैल केला. दोनदा."

"बाह्या सैल केल्यास?"

"नाही. त्या नीट बसतात."

"मग हे वजन नाही. सोनोग्राफी करू."

डाव्या अंडाशयावर संत्र्याएवढी गाठ निघाली. अक्का लगेच म्हणाली, "म्हणजे कॅन्सर."

"अक्का, निकाल मी देऊ की तुम्ही देताय?" बाई म्हणाल्या.

मग त्यांनी समजावलं. अंडाशयात दर महिन्याला पाण्याचा एक छोटा फोड तयार होतो. त्यात बीज असतं. फोड फुटतो, बीज बाहेर पडतं. कधी तो फुटत नाही, नुसता फुगतो. अशी पाण्याची गाठ बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत आपोआप विरते. काही करायचं नसतं, फक्त पुन्हा तपासायचं. "पण ही तशी नाही. ही डर्मॉइड दिसतेय. हिच्यात चरबी असते, केस असतात. कधी दातसुद्धा."

दात? मी खेड्यातल्या शाळेत शिकलेला, देवाचं नाव घेऊन मशीन सुरू करणारा माणूस. पोटात दात कसे उगवतील?

अक्काने मुलीकडे पाहिलं. ते पाहणं मला आवडलं नाही. बाईंनीही ते टिपलं. "याचा कुठल्याही पुरुषाशी संबंध नाही. शाळकरी पोरींनाही होते. बीजात सगळं शरीर घडवायची ताकद असते. एखादं बीज वेळेआधी, एकटंच कामाला लागतं. त्याला धड काही जमत नाही, आणि ही गाठ बनते."

मला त्या बीजाची दयाच आली. तुम्हाला नसती आली?

"ही आपोआप जात नाही," बाई म्हणाल्या. "वाढते, आणि अंडाशयाला पीळ पडला तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो. एकाएकी जोरात दुखलं, उलट्या झाल्या, तर तडक इथे यायचं. दुर्बिणीतून ऑपरेशन करू."

"मग अंडाशयच काढून टाका," अक्का म्हणाली. "दुसरं आहे ना? कटकट नको."

"मी हिला विचारतेय."

मुलीने कुर्त्याची उसवलेली कड चाचपली. मग म्हणाली, "अस्तर उसवतो तशी नुसती गाठ सुटेल का? वरचं कापड राहू द्या."

"प्रयत्न करीन. आत पाहिल्याशिवाय शब्द देणार नाही."

माझंच शिवलेलं हिरवं कापड अंगावर घेऊन मुलगी आत गेली. मी बाहेर बाकावर. जप करायला बसलो आणि मध्येच दात आठवायचे.

बाई बाहेर आल्या. "अंडाशयाला पिळाचा एक वेढा पडला होता. सोडवल्यावर रंग हळूहळू परत आला. गाठ सोलून काढली, अंडाशय ठेवलंय. ते काम करेल का, ते पुढे बघू. गाठ बघायचीय?"

बायको नको म्हणाली. मी पाहिली. दात नव्हता, पण काळेभोर केस होते, अगदी माझ्या मुलीसारखे. माझे हात आपसूक जोडले गेले. कुणाला, ते अजून मला नीट सांगता येत नाही.

गाठ तपासायला गेली. कॅन्सर नव्हता. तरी डावीकडचं अंडाशय काम करेल का, हे आमच्या मनात राहिलंच होतं. तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी झाली. बाईंनी मशीनचा पडदा मुलीकडे वळवला. राखाडी चित्रात एक छोटं काळं वर्तुळ होतं.

मुलीचा आवाज उतरला. "पुन्हा गाठ?"

"नाही गं. हा या महिन्याचा फोड. डावीकडचा. चार दिवसांत फुटेल आणि जाईल. तुझं अंडाशय कामाला लागलंय."

मुलगी त्या वर्तुळाकडे बघतच राहिली. बाईही घाई न करता बघत राहिल्या, जणू त्यांनीही असं पहिल्यांदाच पाहिलं होतं.

बाई, तुमचे आभार. अध्यक्षांचे आणि तुम्हा सर्वांचेही. बायकांच्या दुखण्याबद्दल पुरुषाने बोलताना कुठे जास्त बोललो असेन, कुठे चुकीचा शब्द गेला असेल, तर पदरात घ्या. मी थांबतो.