चार हाताचा ओटा

नाई नाई, तुमी बसा न वर राजेहो, मी पायरीवरच बरा! काहून म्हनता? आता तुमाले सांगतो, हा जो सागवानी ओटा दिसून राह्यला न माह्या घरापुढं, ह्यानं माहा जीव खाल्ला! अन् म्या काय मांगतलं होतं? म्या म्हनलं, मले फक्त बसाले पाह्यजे!

सात समुद्रापलीकडं कोन्या मुलुखात लढाई पेटली म्हन्तात, अन् इकडं आमच्या कापसाले असा भाव आला का ज्याच्या घरावर धड छप्पर नव्हतं त्यानंबी ओटा बांधला. शेजारच्या शेषरावानंबी बांधला. मंग अकोल्याचा दलाल आला का शेषरावाच्या ओट्यावर, पाटील आला का शेषरावाच्या ओट्यावर, अन् मी? मीबी तिथंच, काठावर, अर्ध्या अंगानं टेकलेला! वरून थो म्हने, "या जानराव, आपलाच ओटा समजा." समजा! त्यात आमच्या पोरीले पाहून गेलेले पुंजाराम, वैशाखातल्या आखाजीच्या सनाले सुपारी फोडाले येतो म्हने. आता होनाऱ्या व्याह्याले का शेषरावाच्या ओट्यावर बसवू?

बलावला बाळापूरचा गोवर्धन ठेकेदार. त्या सालात सुताराले जावयाहून जास्त मान, बाप्पा! म्या म्हनलं, चार हात लांब, तीन हात रुंद, फळ्या ठोक अन् मोकळा हो. थो कसा पान चघळत म्हने, "नुसत्या फळ्या? कापूसवाल्याचा ओटा, लोक हासतीन न! खांब पाह्यजे. खांबाले नक्षी पाह्यजे. नक्षीत मोर पाह्यजे." मोर काहून रे भौ? मोर का येऊन बसनार हाय थितं? मले फक्त बसाले पाह्यजे! "होऊन जाईन, जानराव, होऊन जाईन!"

काय होऊन जाईन? तीन महिने नुसतं ठरवनंच चाललं! माघात मोर ठरला, फागनात पिसारा... पिसारा मिटलेला का फुललेला, ह्या एका गोष्टीवर थो माह्या घरी चार येळा जेवला! आग्रह करकरून वाढलं मनकर्णेनं, माह्या बायकोनं!

शेवटी म्हने, आता माप. तुमाले ठावंच हाय, आपल्याकडं माप घरधन्याच्या हातानं. कोपरापासून बोटापर्यंत हात धराचा, तेवढी काठी तोडाची, अन् त्या काठीवर सारं काम कराचं. माहा हात पाहा! ह्या हाताचा चार हात ओटा म्हंजे पाच मानसं मांडी घालून बसले असते का नाई? पन मी त्या दिवशी गाड्या घेऊन अकोल्याले गेलतो. परत येतो त काठी तोडून बाळापूरले रवाना!

आखाजीच्या आदल्या दिवशी ओटा उभा झाला. चढलो, बसलो... एक गुडघा ह्या मोराले, दुसरा गुडघा त्या मोराले! आडवा झालो त पाय रस्त्यावर! शेषराव पायावरून ओलांडून गेला अन् म्हने, "पाय अंदर घ्या जानराव, गाडी येऊन राह्यली!"

म्या गोवर्धनाची मान धरली. काठी कोनाच्या हाताची, सांग! थो गरीब तोंड करून म्हने, "तुमी नव्हते न जी. मंग गल्लीत चार जनाइले इचारलं, ह्या घरात कोनाचं चालते? चौघंबी म्हने, मनकर्णाबाईचं! तुमच्या मायलेबी इचारलं..." माहीबी माय! सांगा आता! अन् मनकर्णेचा हात केवढा? पोरीच्या बांगड्या घालते थे! म्या म्हनलं, काहून देल्ला तुहा हात? त म्हने, "त्यानं मांगतला, म्या देल्ला. तुमी होते कुठं?"

दुसऱ्या दिवशी पुंजाराम आले, बायकोले घेऊन. व्याहीनबाई म्हने, "बाई बाई, मोर!" अन् चढून बसल्या. मनकर्णा बसली. भरला ओटा! व्याही खाली उभे, मी खाली उभा. माहं तोंड एवढंसं झालं. म्हनलं, गेली सोयरीक!

पुंजारामानं ओट्याकडं पाह्यलं, दोघी बायकाइकडं पाह्यलं, अन् हळूच माह्या कानात, "काठी कोनाच्या हाताची?" म्या मान खाली घातली... सांगितलं. पुंजारामानं पायरी हातानं चाचपून पाह्यली. मंग उपरनं झटकलं, पायरीवर टेकले, अन् मले जागा करून देत म्हने, "या व्याही. आमचाबी ओटा असाच हाय. पायरी तेवढी मोठी ठेवा लागते."

सुपारी पायरीवरच फुटली, राजेहो. मले फक्त बसाले पाह्यजे होतं न? बसलो!