कानावर पडलेलं

— हलू नका काका, ऐकायच्या मशीनचा साचा अजून नीट बसला नाही कानात. हो हो, डोलवा मान! ऐकू न येणारी माणसं किती समंजस दिसतात, काहीही बोला, हो म्हणतात. आता हे मशीन कॉम्प्युटरला जोडलंय — दिवा लाल म्हणजे आवाज बंद, तसाच ठेवून तुमच्या कानाची सगळी मापं त्यात भरायची असतात — म्हणजे पंधरा मिनिटं तुम्ही ठार बहिरे आणि मी मोकळी. वीस वर्षं लोकांच्या कानांत मशिनं बसवतेय, पण माझं ऐकायला घरी कोण आहे? कुणी नाही. एक कुकर आहे, तो स्वतःचंच सांगत बसतो.

सकाळपासून चार वेळा फोन आलाय. धाकट्या बहिणीचा — तीन वर्षांनी! आणि हा मेसेज, वाचूनच दाखवते, तुम्हाला काय कळणारे — 'ताई, उद्या माझं हार्टचं ऑपरेशन आहे. एकदा तुझा आवाज ऐकव.' उचलला का मी फोन? नाही उचलला. बाबा गेले त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाली होती, तू त्यांना वेळेवर दवाखान्यात नेलं नाहीस. ही वर्षातून दोनदा पाहुणी येणार, आणि औषधं, अंथरूण-पांघरूण, जागरणं कुणी केली? मी! — दुसरा कान इकडे करा.

ती काचेच्या दाराची साउंडप्रूफ खोली बघितलीत ना, तुमची तपासणी केली ती? जेवणाच्या सुट्टीत मी तिथे दहा मिनिटं बसते. झोप येईना म्हणून एका डॉक्टरीणबाईंकडे गेले होते, त्यांनी सांगितलं — नुसतं बसा, श्वासाकडे लक्ष द्या, मनात येईल त्याला हाकलू नका, आणि मग विचारा, अशा वेळी मला कशी बाई व्हायचंय? म्हटलं, रिकामटेकड्यांचे उद्योग! पण आत इतकं शांत असतं काका, की स्वतःचं काळीज ऐकू येतं. आजही बसले. आधी राग आला. त्याला म्हटलं, ये रे, बस. तो बसला — आणि त्याच्या मागून बाबा आले. दोनदा म्हणाले होते ते, छातीत जड वाटतंय गं. मी भाजी चिरत होते. मान वर न करता म्हटलं, गॅस झाला असेल. कानावर पडलं होतं माझ्या... ऐकलं नव्हतं. ती खोटं बोलली असती ना, तर आठ दिवसांत माफ केलं असतं मी तिला.

मग विचारलं, कशी बाई व्हायचंय? उत्तर लगेच आलं — ऐकणारी. दुसरं काय येणार, जन्म गेला यात. तरी हात फोनकडे जाईना. भीती वाटते हो. उद्या तिचं काही बरंवाईट झालं तर? आणि सगळं नीट होऊन तिनं तेच वाक्य परत म्हटलं तर? — तर काय, ऐकायचं. हो ना? ऐकायचं, आणि म्हणायचं, खरंय तुझं. एवढंच तर आहे. पण एवढंच होत नाही.

काय झालं? डोळे का पुसताय? अहो, माझा फोन माझ्याच हातात कशाला देताय — थांबा. हा दिवा... हिरवा? आवाज चालू होता? कधीपासून? कुकरपासून?

...बरं.

नाही, मशीन काढू नका, चांगलं बसलंय. तुम्ही जरा बाहेर बाकावर बसा, काका. आणि जाताना दार लावून घ्या — घट्ट लावा, आता तुम्हाला सगळं ऐकू येतं.