तात्याचं लव्हेंडर

ह्ये आमच्या आज्याला सांगू नका गड्यांनो. माझ्या तात्यानं, म्हंजे चुलत्यानं, लढाईवरनं येताना इटलीतनं लव्हेंडरचं बी आणलं. "अत्तरवालं ह्याला उसापरीस जादा पैसं देत्यात," म्हनून कडेगावच्या रानात वाफा पेरला.

महिना झाला, काय उगवंना. आजा म्हनला, "उद्या नांगर घालतो."

तात्याचं तोंड बघवंना, म्हनून मी वाफ्यात गुपचूप मोगऱ्याचं अत्तर शिंपडलं.

सकाळी आज्यानं माती हुंगली. "आयला, बी मातीतच घमघमतंय! ऱ्हाऊ दे रं."

पुढं लव्हेंडर खरंच उगवलं, जांभळं फुललं. आज्यानं फूल नाकाला लावलं आन् तोंड वाकडं केलं.

"तात्या, फसवलं रं तुला! त्यो मातीतला वास ह्याला कुठाय? नकली हाय ह्ये. उपटा!"

उपटायला मलाच धाडलं.