बाईच्या नसा

चंद्रपुरात सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर रंजीता नंबराची वाट पाहत बसली होती. शेजारी कोरपन्याचं एक म्हातारं जोडपं भांडत होतं. तिला उठून दुसरीकडे बसावंसं वाटलं, पण ती हलली नाही.

“भागीरथा, चाल घरी. डॉक्टरनं गॅसच्या गोळ्या देल्या ना?”

“तीन महिने खाल्ल्या. कापसाचं वझं उचललं का जबडा दुखते, दम लागते. हा कोणता गॅस?”

“बाईच्या हृदयाचं मशीनमंदी बरोबर दिसत नाई म्हणते.”

“कोण म्हणते?”

“सारेच.”

“मी आतल्या मॅडमले इचारलं. माणसाच्या नसा जशा दिसते, तशाच बाईच्याई दिसते म्हणे.”

“अन् काही निंगालं तं?”

“तं इलाज करीन. तुमची छाती दुखली तं त्याच दिवशी गाडी केली. मले काऊन तीन महिने?”

तेवढ्यात दार उघडलं.

“भागीरथाबाई, या. गळ्यातलं काढून ठेवा.”

भागीरथाबाईनं डोरलं काढलं.

“अवं, मी जिता असतानी?”

“मलेई जितं राहाचं आहे. धरा!”

डोरलं नवऱ्याच्या हातात ठेवून ती आत गेली.