गेटवरची सावली

बँड काहून बंद पडला विचारता? पोवाड्याला इलेक्ट्रिक गिटार जोडून आम्ही क्रांतीची गाणी म्हणायचो. एकदा अधारतालला कारखान्याच्या गेटवर कामगार धरण्यावर बसले होते. भर दुपारी तिथं जाऊन आम्ही "उठा, उठा" म्हणून गळा फाडू लागलो. तिसऱ्या गाण्याला आमच्या ड्रमवाल्या विनयचे बाबाच उठले. तेही धरण्यावर होते.

"बेटा, गाणं बढिया आहे. पण आठ रात्री आम्ही जागूनच आहो. थोडं झोपू दे ना."

विनयनं काड्या खाली ठेवल्या. मी गिटारचा अँप बंद केला. मग आम्ही चौघांनी बँडचं लाल बॅनर ताणून झोपलेल्यांवर सावली धरली. संध्याकाळपर्यंत हात भरून आले. खरं सांगतो, त्यांच्या कामाला येईल असं आम्ही तेवढंच केलं. मग बँड कशाला चालवायचा?